मस्तिष्कस्तंभाचा माग : स्वमग्नतेचे संशोधन आणि इंदूरची 'बेरा'

इंदुरात किंवा माळव्यातील कोणत्याही मोठ्या गावात जे मूल दोन-अडीच वर्षांचे होऊनही बोलत नाही आणि नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, त्याच्याबद्दल पहिली शंका बहिरेपणाची घेतली जाते, आणि तिचे निरसन करण्यासाठी जी तपासणी लिहून दिली जाते ती पालकांच्या तोंडी 'बेरा' या नावाने रुळली आहे. 'ब्रेनस्टेम इव्होक्ड रिस्पॉन्स ऑडिओमेट्री' या लांबलचक नावाचे हे आद्याक्षरी रूप होय. ती कानाची तपासणी म्हणून सांगितली जात असली, तरी तिच्यात नोंदवला जातो तो आवाज कानावर पडल्यानंतर श्रवणाच्या मज्जातंतूपासून मस्तिष्कस्तंभापर्यंत, म्हणजे मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागापर्यंत, उमटत जाणारा विद्युत प्रतिसाद. स्वमग्नता, म्हणजे व्यवहारात ज्याला ऑटिझम म्हणतात ती मेंदूच्या वाढीतील जन्मजात वेगळी अवस्था, हिच्या संशोधनाच्या इतिहासात हाच मस्तिष्कस्तंभ साठ वर्षांत एकदा पुढे आला, मागे पडला आणि आता पुन्हा पुढे आला आहे. त्याचे काम सर्वांत स्वस्तात नोंदवणारी तपासणी मात्र स्वमग्न मुलाच्या घरी 'कान चांगले आहेत' एवढ्या एका वाक्यावर संपून जाते, आणि त्या वाक्यानंतर अनेक घरांत वर्षा-दोन वर्षांची शांतता पसरते. ही शांतता का पसरते आणि ती टाळता कशी येईल, हे त्या तपासणीचा आणि त्या संशोधनाचा इतिहास शेजारी ठेवून पाहिल्यास उमगते.

प्रौढ माणसाचा मस्तिष्कस्तंभ हाताच्या अंगठ्याएवढा असतो. वरून खाली मध्यमेंदू, सेतू आणि लंबमज्जा असे त्याचे तीन भाग मानले जातात, आणि श्वास, हृदयाची गती, गिळणे, झोप व जाग यांचे नियंत्रण त्यांतील निरनिराळ्या केंद्रकांकडे, म्हणजे एकाच कामासाठी एकत्र आलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांकडे, असते. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी दहा जोड्या या भागाशी जोडलेल्या आहेत. डोळे हलवणे, चेहऱ्याचे स्नायू आवळणे, चोखणे, आवाजाच्या दिशेने मान वळवणे आणि तोल सांभाळणे ही सगळी कामे त्यांच्यामार्फत चालतात, आणि तान्हे मूल आईशी पहिला संबंध जोडते तो याच कामांच्या बळावर. आईच्या डोळ्यांत पाहणे, हसणे, तिच्या आवाजाला वळणे या गोष्टी ज्या अवस्थेत उणावतात, त्या अवस्थेचा शोध घेताना अभ्यासकांची नजर या चिमुकल्या भागाकडे जावी, हे स्वाभाविकच होते.

बेरा तपासणी प्रत्यक्षात कशी होते हे पाहिले म्हणजे तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. मूल गाढ झोपलेले असावे लागते, म्हणून पालकांना आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवायला सांगितले जाते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर ट्रायक्लोफॉसचे गोड सिरप दिले जाते. अनेक स्वमग्न मुलांना एरवीही झोप लवकर लागत नाही, आणि काही मुले सिरप पोटात गेल्यावरही तासभर खोलीत फिरत राहतात, तेव्हा तपासणी पुढे ढकलावी लागते. मूल झोपले की कपाळाची आणि दोन्ही कानांमागची कातडी खरखरीत मलमाने पुसून तेथे विद्युतसंकेत टिपणाऱ्या चकत्या चिकटवतात आणि कानाला लावलेल्या साधनातून सेकंदाला दहा-वीस या गतीने टिकटिक असे आवाज सोडतात. एका आवाजाने उठणारा मस्तिष्कस्तंभाचा संकेत एका मायक्रोव्होल्टच्याही आत असतो आणि तो मेंदूच्या इतर हालचालींत बुडून जातो, म्हणून हजार-दोन हजार आवाजांचे प्रतिसाद एकावर एक मांडून त्यांची सरासरी काढतात. तेव्हा कुठे पडद्यावर पाच उंचवटे दिसू लागतात. पहिला, दीड-एक मिलिसेकंदाला उमटणारा, श्रवणाच्या मज्जातंतूचा असतो, तिसरा सेतूच्या खालच्या अंगाचा असतो आणि पाचवा, सहा मिलिसेकंदांच्या आसपास येणारा, सेतू व मध्यमेंदू यांच्या सीमेवरचा असतो. आवाज हळू करत नेल्यावरही पाचवा उंचवटा तीस डेसिबलपर्यंत टिकून राहिला, तर मूल ऐकते असा निष्कर्ष लिहिला जातो. उंचवटा आहे की नाही एवढेच येथे महत्त्वाचे मानले जाते. तो किती उशिरा आला याचा आकडा त्याच कागदावर छापलेला असतो, पण तो बहुधा कोणी वाचत नाही.

या यंत्राच्या आधी न बोलणाऱ्या मुलाचा अर्थ घराने आपल्या परीने लावलेला असे. मराठी घरांत वेखंड मधात उगाळून जिभेवर चाटवण्याची रीत फार जुनी आहे, कारण त्याने वाचा सुटते अशी समजूत आहे. जीभ खाली चिकटली आहे असे ठरवून तिच्याखालचा पडदा कापून घेणे हा दुसरा उपाय, आणि 'मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चौथ्या वर्षी बोलला' हा तिसरा, बिनखर्चाचा दिलासा. अठराव्या शतकापासून होळकरांच्या चाकरीत माळव्यात आलेल्या आणि १८१८ साली मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला हलल्यावर येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी या रीती दक्षिणेतून बरोबर आणल्या, आणि त्यांत येथल्या रीतींची भर पडली. खजराना गणपतीच्या मंदिरात मागच्या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढून नवस बोलायचा आणि तो फळला की सुलटे काढायचे, हा प्रघात इंदुरात सर्व भाषांच्या लोकांत आहे, आणि मुलाची वाचा ही त्या भिंतीसमोर मागितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. या रीतींना नावे ठेवण्याचे कारण नाही. जेथे शास्त्राकडे उत्तरच नव्हते, तेथे घर स्वस्थ बसले नाही, एवढाच त्यांचा अर्थ होतो. खरे नुकसान झाले ते वेळेचे, आणि मुलाच्या पहिल्या पाच वर्षांत तो वेळ फार मोलाचा असतो.

वैद्यकीय शिक्षणात इंदूर मागे नव्हते. येथील वैद्यकशाळा १८७८ साली सुरू झाली, पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून नावारूपाला आली, १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि त्या पाठोपाठच्या दशकात महाराजा यशवंतराव रुग्णालय, ज्याला सारे शहर 'एमवाय' म्हणते, रुग्णांसाठी खुले झाले. परंतु त्या काळच्या वैद्यकापुढे पटकी, देवी, क्षय आणि बाळंतरोग असे शत्रू उभे होते, आणि धडधाकट दिसणाऱ्या मुलाचे गप्प राहणे हा रोग म्हणून नोंदवण्याची सोय कोणत्याही रजिस्टरात नव्हती. वाचा आणि श्रवण यांचे शास्त्र तर देशातच उशिरा आले. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली, मुंबईच्या नायर रुग्णालयातील या विषयाचे शिक्षण त्याच्या पुढच्या वर्षी आणि मुंबईतच अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली सुरू झाली. या संस्थांतून शिकलेले ऑडिओलॉजिस्ट मोठ्या शहरांबाहेर पोचायला आणखी बरीच वर्षे लागली, आणि तोवर अवघड तपासणीसाठी इंदूरच्या कुटुंबाला रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणे हाच मार्ग होता.

इंदूरचे वैद्यक पटकी-देवीशी झुंजत होते त्याच सुमारास स्वमग्नतेचे वर्णन जगाच्या दुसऱ्या टोकाला आकार घेत होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि ही एक स्वतंत्र अवस्था असल्याचे मांडले. त्या अकरांपैकी काही मुले आधी बहिरी समजली गेली होती, ही त्या लेखातील नोंद इंदूरच्या वाचकाला आजही ओळखीची वाटेल. कॅनर यांनी ही अवस्था जन्मजात असल्याचे तेथेच लिहिले होते, पण त्याच लेखात त्यांनी या मुलांच्या आईबापांच्या थंड, अलिप्त स्वभावाचेही वर्णन केले, आणि पुढच्या दोन दशकांत मनोविश्लेषणाच्या लाटेत जन्मजातपणाचा मुद्दा मागे पडून आईचा थंडपणा हेच कारण होऊन बसले. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकातून हा आरोप घराघरांत पोचवला. वैद्यकाच्या इतिहासात निरपराध माणसांवर केलेल्या अन्यायांची यादी केली, तर हा अन्याय वरच्या जागी बसेल. कॅनर यांनी १९६९ साली अमेरिकेतील पालकांच्या सभेत आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले, पण आरोप जितका लांब पोचला तितकी ती मुक्तता पोचली नाही. इंदूरच्या मराठी घरात आजही 'आईने मोबाईल हातात दिला म्हणून', 'आई नोकरीला जाते म्हणून' असे बोल ऐकू येतात, आणि ते त्याच जुन्या आरोपाचे नवे रूप आहे.

आईवरचा हा आरोप खोडून काढताना मस्तिष्कस्तंभाचा पहिला उपयोग झाला. अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करणारे बर्नार्ड रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, आणि त्यांनी १९६४ साली 'इन्फंटाइल ऑटिझम' हा ग्रंथ लिहून आईच्या दोषाचा सिद्धान्त पुराव्याअभावी टिकत नाही हे सविस्तर दाखवले. त्या ग्रंथाला प्रस्तावना कॅनर यांचीच होती. दोषाच्या जागी रिमलँड यांनी एक कारण सुचवले, ते मस्तिष्कस्तंभातील जालिकामय रचनेचे. ही रचना म्हणजे स्तंभाच्या गाभ्यातून वर पसरलेले चेतापेशींचे जाळे असून मोठ्या मेंदूला जागे ठेवणे हे तिचे मुख्य काम आहे, हे इटलीचे मोरुत्सी आणि अमेरिकेचे मॅगून यांनी १९४९ साली प्रयोगाने दाखवले होते. झोप आणि जाग यांच्या रसायनाचा माग काढणाऱ्या आधीच्या संशोधकांत एक मराठी नाव आहे, ते भालचंद्र बाबाजी दीक्षित यांचे. मांजराच्या मेंदूतील द्रवाच्या पोकळीत ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडल्यावर झोपेसारखी अवस्था येते, हे निरीक्षण त्यांनी १९३४ साली प्रसिद्ध केले, आणि हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. रिमलँड यांचे म्हणणे असे की या जाळ्यात बिघाड असल्यास मुलाला समोरची संवेदना आणि पूर्वीचा अनुभव यांची सांगड घालता येत नाही. हा तर्क होता, मोजमाप नव्हते, आणि पुढील आयुष्यात रिमलँड यांनी लसींना दोष देणाऱ्या, शास्त्राने खोट्या ठरवलेल्या मताला आपले वजन दिले, हेही नमूद केले पाहिजे. तरीसुद्धा शोधाची दिशा आईच्या मायेकडून मुलाच्या मेंदूकडे वळवण्याचे श्रेय या ग्रंथाकडेच जाते.

मोजमापाला सुरुवात केली ती लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील एडवर्ड ऑर्निट्झ आणि एडवर्ड रिट्व्हो यांनी. स्वमग्न मुले स्वतःभोवती कितीही गिरक्या घेतात आणि त्यांना घेरी आलेली दिसत नाही, हे प्रत्येक आईने पाहिलेले असते. या संशोधकांनी मुलांना फिरत्या खुर्चीत बसवून, खुर्ची थांबल्यावर डोळे किती वेळ आपोआप लटपटत राहतात हे नोंदवले, आणि उजेडात केलेल्या चाचणीत स्वमग्न मुलांमध्ये ही लटपट कमी वेळ टिकते असे १९६९ साली मांडले. आतल्या कानातील तोलाचा संदेश आणि डोळ्यांची हालचाल यांची गाठ मस्तिष्कस्तंभातच पडते, म्हणून बिघाड तेथे असावा असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच काळात कॅलिफोर्नियातच जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकत्रीकरणाची उपचारपद्धती उभी केली. इंदूरच्या थेरपी केंद्रांत छताला टांगलेले झोके, गोल फिरणाऱ्या पाट्या आणि मोठे चेंडू दिसतात, त्यांचे मूळ या विचारात आहे. त्या उपचाराचा फायदा कोणाला, किती आणि कसा होतो याचा पुरावा अद्याप मिश्र स्वरूपाचा आहे, आणि त्याला बोलण्याच्या व शिकवण्याच्या उपचारांची जागा देणे योग्य ठरत नाही.

यानंतर रंगमंचावर आली ती बेरा. जेरुसलेमचे सोमर आणि फाइनमेसर यांनी १९६७ साली या संकेतांची नोंद केली आणि डॉन ज्यूएट यांनी १९७० नंतरच्या दोन वर्षांत त्यांतील उंचवट्यांना ओळीने क्रमांक दिले. सोमर यांच्याच प्रयोगशाळेने १९७८ साली स्वमग्न मुलांवर ही तपासणी करून प्रतिसाद उशिरा येतो असे सांगितले. पुढच्या दहा वर्षांत कोणाला उशीर आढळला, कोणाला काहीच आढळले नाही, तर कोणाला उलटा, लवकरचा प्रतिसाद मिळाला. या गोंधळाची कारणे आता कळतात. मधल्या कानातले पाणी, शरीराचे तापमान, वय आणि मुलगा-मुलगी हा भेद या सर्वांनी उंचवट्याची वेळ बदलते, आणि वीस-पंचवीस मुलांच्या अभ्यासात हे सगळे वेगळे काढणे शक्य नव्हते.

या कथेतील सर्वांत विलक्षण पुरावा मात्र एका औषधाच्या शोकांतिकेतून आला. जर्मनीत १९५७ साली बाजारात आलेले थॅलिडोमाइड गरोदरपणातील मळमळीवर सर्रास दिले गेले आणि हजारो मुले अविकसित हातापायांसह जन्मल्यावर १९६१ साली ते मागे घेतले गेले. स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ शेश्टिन स्ट्रॉमलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली, प्रौढ झालेल्या अशा सुमारे शंभर माणसांची पाहणी करताना त्यांच्यात चारजण स्वमग्न असल्याचे दाखवले, आणि गर्भ ज्या दिवसांत औषधाच्या कचाट्यात सापडला होता ते दिवस गर्भधारणेनंतरच्या विसाव्यापासून चोविसाव्यापर्यंतचे निघाले. हातपाय घडण्याच्या आधीचा, कान आणि मस्तिष्कस्तंभाचे पहिले मज्जातंतू घडण्याचा तो काळ. बहुतेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही तेव्हा माहीत नसते. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरच्या गर्भशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रोडिअर यांनी हा धागा पकडून एका मृत स्वमग्न व्यक्तीचा मेंदू तपासला. त्यातील मस्तिष्कस्तंभ लांबीने आखूड होता, चेहऱ्याच्या मज्जातंतूचे केंद्रक जवळजवळ नव्हतेच आणि दोन कानांतील आवाजांची तुलना करणारे ऊर्ध्व ऑलिव्ह हे केंद्रकही तसेच लोपलेले होते. त्यांचा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला. एका मेंदूवरून सर्व स्वमग्न माणसांबद्दल बोलता येत नाही हे खरे, पण स्वमग्नतेचे मूळ जन्माच्या कितीतरी आधी असू शकते हे इतक्या ठोसपणे पूर्वी कोणी दाखवले नव्हते, आणि आईच्या वागणुकीवरचा आरोप त्या दिवशी गर्भशास्त्राच्या पातळीवर निकालात निघाला. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या सोडियम व्हॅल्प्रोएट या औषधाचा गर्भावरील परिणामही याच वाटेने अभ्यासला गेला, आणि गरोदरपणी ते घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण वाढते हे डेन्मार्कच्या २०१३ सालच्या मोठ्या पाहणीने दाखवले. म्हणून ज्यांना फिट्स येतात त्या स्त्रियांनी मूल होऊ देण्याचा विचार करतानाच डॉक्टरांशी औषध बदलण्याबद्दल बोलावे. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणे मात्र आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

इतके होऊनही २००० नंतर मस्तिष्कस्तंभ मागे पडला. एरिक कोर्शेन यांनी १९८८ साली अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, लक्षाच्या केंद्रस्थानी आणला होताच, आणि पुढे एमआरआयच्या चित्रांमुळे मोठ्या मेंदूतील 'सामाजिक' भागांकडे साऱ्यांचे डोळे लागले. यात तंत्राचा वाटा मोठा होता. मस्तिष्कस्तंभ आकाराने लहान, कवटीच्या तळाशी आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी हलणारा, त्यामुळे त्याची चित्रे धूसर येत. जे स्पष्ट दिसते त्याचाच अभ्यास वाढतो, हा शास्त्राचा नेहमीचा दोष येथेही आडवा आला. गेल्या दशकात चित्रणाचे तंत्र सुधारले आणि विस्कॉन्सिनच्या ब्रिटनी ट्रॅव्हर्स यांच्यासारख्या संशोधकांनी हा भाग पुन्हा हाती घेतला. बेराचे जुने-नवे अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांतून स्वमग्न मुलांच्या गटात पाचवा उंचवटा सरासरीने उशिरा येतो हे पुढे आले. फ्लोरिडात जन्मलेल्या सुमारे १,४०,००० बाळांच्या जन्मवेळच्या श्रवणतपासणीच्या नोंदी ओरेन मिरॉन आणि सहकाऱ्यांनी पाहिल्या, तेव्हा पुढे स्वमग्न ठरलेल्या तीनशेहून अधिक मुलांचा प्रतिसाद जन्मतःच किंचित उशिराचा होता, असे त्यांच्या २०२१ सालच्या निबंधात दिसते. हा उशीर मिलिसेकंदाच्या अंशाएवढा असतो आणि स्वमग्न नसलेल्या कितीतरी मुलांतही तो आढळतो, त्यामुळे एकट्या मुलाच्या कागदावरून निदान करता येत नाही. कोणी तसे करून देतो म्हणत असेल, तर पालकांनी त्यावर विश्वास ठेवू नये.

शिवाय मस्तिष्कस्तंभ हे स्वमग्नतेचे एकमेव कारण नाही. शेकडो जनुके या अवस्थेशी निगडित असल्याचे आढळले असून मोठ्या मेंदूच्या जोडण्याही वेगळ्या असतात. पण या मुलांच्या रोजच्या जगण्यातील कितीतरी अडचणी, म्हणजे न लागणारी झोप, गिळण्या-चावण्याचे हट्ट, आवाजाचा त्रास, त्या स्तंभाच्या कामांशी थेट भिडतात. राजवाड्यापुढून निघणाऱ्या रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे मिरवणुकीत, ढोल, डीजे आणि पाण्याचे फवारे यांच्या गदारोळात जे मूल दोन्ही कानांवर हात दाबून रस्त्यावरच बसकण मारते, त्याला गर्दीतले लोक हट्टी म्हणतात. मोठ्या आवाजाच्या वेळी मधल्या कानातला स्नायू आवळून आवाज थोपवण्याची जी उपजत व्यवस्था असते, तिचा मार्ग ऊर्ध्व ऑलिव्हच्या परिसरातूनच जातो, आणि रँडी कुलेसा यांनी २००८ पासून मृत स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंत याच केंद्रकातील चेतापेशी संख्येने कमी व आकाराने विस्कळीत असल्याचे दाखवले आहे. तेव्हा कानांवर हात दाबणारे मूल शिस्त मोडत नसते. त्याला खरोखर सोसवत नसते.

इंदूरच्या मराठी घरांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला, तो भाषेचा. हे शहर दोन साहित्यांचे माहेर आहे. १९१७ साली येथे मराठी साहित्य संमेलन भरले आणि पुढच्याच वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन, आणि १९३५ साली एकाच वर्षात दोन्ही संमेलने येथे झाली. येथील मराठी मूल आजीशी मराठीत आणि गल्लीत हिंदीत बोलतच मोठे होते. मूल बोलेनासे झाले की मात्र 'दोन भाषांनी गोंधळ होतो, एकच ठेवा' असा सल्ला दीर्घकाळ दिला गेला, आणि ठेवली गेली ती हिंदी किंवा इंग्रजी, त्यामुळे आजी-आजोबांचे मुलाशी बोलणेच तुटले. हा सल्ला चुकीचा होता. दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची वाणी एका भाषेत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा अधिक मागे पडत नाही, असे गेल्या दशकभराच्या अभ्यासांतून आढळले आहे. येथेही मस्तिष्कस्तंभाने एक अनपेक्षित गोष्ट शिकवली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील नीना क्रॉस यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली काही स्वमग्न मुलांत बोलण्यातील चढउतार मस्तिष्कस्तंभाच्या पातळीवरच नीट उमटत नाहीत असे दाखवले, आणि त्याच प्रयोगशाळेने २०१२ साली दोन भाषा बोलणाऱ्या किशोरांच्या मस्तिष्कस्तंभात आवाजाचा मूळ सूर अधिक ठळकपणे उमटतो असे नोंदवले. म्हणजे हा भाग जन्मतः ठरून गेलेली नुसती तार नाही, ऐकण्याच्या अनुभवाने तो घडतो. मराठी घराने मराठी सोडू नये यासाठी एवढा आधार पुरेसा आहे.

भारतीय वैद्यकीय लिखाणात ऑटिझमचा उल्लेख १९५९ च्या सुमारास येऊ लागला, पण कायद्याने या अवस्थेची दखल घ्यायला आणखी चाळीस वर्षे लागली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात तिचे नाव नव्हते, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत तिचा समावेश झाला. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मोजपट्टी, आयसा, चाळीस बाबींवर मुलाचे वागणे पाहून गुण देते आणि सत्तरपेक्षा कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही असे मानते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंब लवकर ओळखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक केंद्र योजलेले आहे. नवजात बाळाची पहिली तपासणी मात्र पुष्कळ ठिकाणी ओएई या साधनाने होते, आणि ते आतल्या कानातील शंखाचा प्रतिध्वनी मोजते, मस्तिष्कस्तंभापर्यंत पोचतच नाही. अतिदक्षता विभागात राहिलेल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तरी बेराही केली जावी, आणि उंचवट्यांच्या वेळांसह तिचा मूळ आलेख घरी जपून ठेवावा.

इंदूरमधील कान-नाक-घसा तज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट यांच्याकडे मागणे एवढेच की हाकेला न वळणाऱ्या मुलाची बेरा नॉर्मल आली, तर त्या कागदावर त्याच दिवशी आणखी एक ओळ लिहावी : 'विकास तपासणीसाठी पाठवले'. आणि पालकांनी, ती ओळ कोणी लिहिली नाही तरी, मूल दीड वर्षाचे झाल्यावरही बोट दाखवत नसेल, नजर देत नसेल, तर पुढच्या वाढदिवसाची वाट न पाहता स्वतः ती तपासणी मागावी.